खानदेशातून बुद्धाच्या वाटेने: विहार, लेणी आणि दूरची तीर्थं पाहताना कसं वागावं

सुट्टीच्या दिवशी जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात. पहूर, वाकोद, फर्दापूर करत माणसं लेण्यांत पोचतात, भिक्खूंच्या खोल्यांत डोकावतात, बुद्धमूर्तीजवळ फोटो काढतात आणि रात्री जेवायला घरी असतात. यातल्या कितीतरी जणांनी आपल्याच गावातल्या बुद्धविहाराची पायरी कधी चढलेली नसते. तिथे आजही त्याच बुद्धाला वंदन होतं, पाली गाथा म्हटल्या जातात, लहान मुलं पंचशील पाठ करतात. मी अशाच एका विहाराच्या सावलीत वाढलोय. बाहेरचा माणूस आला की आमच्या लोकांना काय बरं वाटतं आणि काय खुपतं, हे यजमानाच्या बाजूने पाहत आलोय. म्हणून सांगतो, बौद्ध ठिकाणं पाहायची असतील तर सुरुवात गावातल्या विहारापासून करा. लेणी त्यानंतर, आणि सांची, बोधगया, लडाख, श्रीलंका त्याच्याही नंतर.

पहिली पायरी: आपल्या गावातला विहार

विहार शोधायला फार कष्ट पडत नाहीत. पंचरंगी धम्मध्वज दिसतो: निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे उभे पट्टे आणि शेवटी हेच रंग एकाखाली एक. जवळपास बाबासाहेबांचा पुतळा किंवा निळा झेंडा असतो. आधी वस्तीतल्या कुणाला तरी विचारा, "दादा, वंदना किती वाजता असते? आम्ही आलो तर चालेल का?" हा प्रश्न विचारला की अर्धं काम झालं. कुणी नाही म्हणत नाही. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळी वंदना होते, काही ठिकाणी फक्त रविवारी किंवा पौर्णिमेला. दहा मिनिटं आधी पोचा.

भेटल्यावर "जय भीम" किंवा "नमो बुद्धाय" म्हणा. तुम्ही बौद्ध नसलात तरी म्हणायला हरकत नाही, आणि जमत नसेल तर हात जोडून "नमस्कार" म्हणा, तोही तितक्याच मनाने घेतला जातो. "जय भीम"ला ओठ दाबून हसणं किंवा उत्तर न देता पुढे जाणं मात्र लगेच लक्षात येतं, आणि ते लोक विसरत नाहीत.

कपडे साधे, गुडघे-खांदे झाकणारे असावेत. पांढरे असले तर उत्तम, कारण उपासक-उपासिका शक्यतो पांढरेच घालतात. चपला बाहेर, रांगेत. टोपी असेल तर काढून ठेवा. डोक्यावर रुमाल किंवा पदर घ्यायची गरज नाही, गुरुद्वारात किंवा दर्ग्यात जाऊन आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. गुटखा, तंबाखू बाहेरच थुंकून, चूळ भरून या. दारू पिऊन येऊच नका. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं आहे आणि ते तुमच्या समोरच मोठ्याने म्हटलं जाणार आहे.

आत सतरंजीवर बसायचं. पाय मूर्तीकडे पसरू नका, मांडी घाला किंवा पाय एका बाजूला घ्या. गुडघेदुखी असेल तर मागे खुर्ची मागून घ्या, म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवलेली असते. समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा शेजारी शेजारी दिसेल. "बुद्धाच्या बरोबरीला यांचा फोटो कसा?" हा प्रश्न काही पाहुणे सहज विचारतात. ज्या माणसाने 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखो लोकांना धम्माची दीक्षा दिली, त्याच्यामुळेच ही वस्ती बुद्धापर्यंत पोचली. आमच्यासाठी या दोन प्रतिमा वेगळ्या काढता येत नाहीत.

न्यायचं असेल तर फुलं, मेणबत्त्या, अगरबत्ती न्या. नारळ फोडायचा नाही, हळदकुंकू वाहायचं नाही, नैवेद्य दाखवायचा नाही, नवस बोलायचा नाही. पेढे आणलेच असतील तर मूर्तीपुढे न ठेवता तिथल्या ताईंच्या हातात द्या, वंदनेनंतर त्या सगळ्यांना वाटतील. "प्रसाद द्या" असं म्हणू नका, जे वाटत असतील त्याचं नाव घ्या: "खीर द्या", "पेढा द्या".

वंदना कशी चालते ते थोडं माहीत असलं की अवघडल्यासारखं होत नाही. कुणीतरी आजी किंवा शाळकरी मुलगी पुढे बसते, मेणबत्ती लावते. सगळे गुडघ्यांवर येऊन तीनदा डोकं जमिनीला टेकवतात. मग "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स" तीन वेळा, त्यानंतर त्रिसरण (बुद्ध, धम्म, संघाला शरण जाणं), पंचशील, बुद्धपूजा, पुढे त्रिरत्न वंदना, भीमस्मरण. लहान मुलांचा सूर मोठ्यांच्या पुढे पळतो, आजी हात किंचित वर करून त्यांना थांबवते आणि सगळे पुन्हा एका चालीत येतात. हे वीस-पंचवीस मिनिटं चालतं. तुम्हाला वाकायची सक्ती नाही. हात जोडून शांत बसलात तरी पुरे. सगळे उभे राहिले तर उभे राहा. मध्येच उठून जाऊ नका, फोन बंद ठेवा, शेजाऱ्याला अर्थ विचारत बसू नका. शेवटी तीनदा "साधु" म्हटलं जातं, ते तुम्हीही म्हणू शकता.

काही ठिकाणी बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या 22 प्रतिज्ञाही होतात. त्यांत हिंदू देवदेवतांना मानणार नाही, पूजणार नाही असं स्पष्ट म्हटलेलं आहे. ऐकताना तुम्हाला अवघड वाटू शकतं. पण ती तुमच्यावर टीका नसते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना देवळाबाहेर ठेवलं गेलं, त्यांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल घेतलेला तो निर्णय आहे. शांतपणे ऐका. नंतर वाद घालायची ही जागा नाही.

याच प्रतिज्ञांमधली पाचवी नीट लक्षात ठेवा. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हा खोटा प्रचार आहे, असं ती सांगते. खानदेशात चांगल्या मनाची माणसंसुद्धा विहारात येऊन कौतुकाने म्हणतात, "आम्हीपण बुद्धाला मानतो, नववा अवतार ना!" त्यांना जवळीक दाखवायची असते, आणि समोरच्याच्या जिव्हारी लागतं. हे वाक्य विहारात चुकूनही बोलू नका.

दुसरी गोष्ट आडनावाची. आपल्याकडे ओळख झाली की पहिल्या पाच मिनिटांत "आडनाव काय? गाव कोणतं? मूळचे कोण तुम्ही?" सुरू होतं. विहारात हे टाळा. आडनावावरून जात काढायचा हा जुना मार्ग सगळ्यांना माहीत आहे. बोलायला मुलांचं शिक्षण, पिकं, विहार कसा बांधला, वर्गणी कशी जमवली असे पुष्कळ विषय आहेत. विहाराच्या बांधकामाचं विचाराच. बहुतेक विहार लोकांनी मजुरीतून पैसे काढून उभे केलेत, कुणी विटा दिल्या, कुणी चार दिवस काम दिलं, आणि हे सांगताना माणसं मोकळी होतात.

चहा येईल. घ्या. "नको, आत्ताच झाला" हे खानदेशात एरवी चालून जातं, पण या वस्त्यांमध्ये चहा नाकारण्याला जुना इतिहास आहे. मधुमेह असेल तर "बिनसाखरेचा द्या ना" म्हणा, पाणी मागून प्या, पण काहीतरी घ्या. मी तर म्हणेन की सबंध भेटीत तुमच्याबद्दल सगळ्यात जास्त काही सांगून जाईल तो तुमच्या हातातला हा पेला.

दिवस कोणता निवडायचा

बुद्धपौर्णिमेला, म्हणजे वैशाख पौर्णिमेला, जवळपास प्रत्येक विहारात कार्यक्रम आणि खीरदान असतं. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी हा दिवस चांगला. 14 एप्रिलच्या जयंतीला मिरवणूक, गाणी, उत्साह असतो. 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन, हा दुःखाचा दिवस. त्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, हसतखेळत सेल्फी काढत फिरू नका. धम्मचक्र प्रवर्तन दिन काही जण 14 ऑक्टोबरला तर काही विजयादशमीला पाळतात.

मला स्वतःला पाहुण्यांसाठी वर्षावासाचा काळ सगळ्यात योग्य वाटतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे हे तीन महिने भिक्खूंनी एकाच जागी राहायचे असतात. पुष्कळ विहारांत या काळात संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचं वाचन चालतं. गर्दी नसते, मागे बसून ऐकता येतं, नंतर गप्पा होतात. एखाद्या गावी भन्तेजी, म्हणजे भिक्खू, मुक्कामी असले तर त्यांच्याशी निवांत बोलायची संधी याच दिवसांत मिळते.

भन्तेजींशी बोलताना

भिक्खूंना "भन्ते" किंवा "भन्तेजी" म्हणा. "महाराज", "स्वामीजी", "पंडितजी" नको. हात जोडून "वंदामि भन्ते" म्हटलं की झालं. हस्तांदोलन करायला हात पुढे करू नका. स्त्रियांनी भिक्खूंना आणि पुरुषांनी भिक्खुणींना स्पर्श करू नये, वस्तू द्यायची तर समोर ठेवावी किंवा दोन्ही हातांनी ताटातून द्यावी. त्यांचं आसन थोडं उंच असतं, त्या आसनावर किंवा त्यांच्या बरोबरीने खुर्ची ओढून बसू नका.

भिक्खूंचं जेवण दुपारी बाराच्या आत होतं. भोजनदान द्यायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून वेळ ठरवा, अकराच्या सुमाराला ताट तयार ठेवा. संध्याकाळी डबा घेऊन गेलात तर त्यांना नाही म्हणावं लागतं आणि दोघांनाही वाईट वाटतं. उपोसथाच्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा, अमावस्या आणि अष्टमीला, अष्टशील, म्हणजे आठ शीलं, घेतलेले उपासकही दुपारनंतर जेवत नाहीत, त्यांनाही आग्रह करू नका. पैसे भन्तेजींच्या हातात कोंबू नका. दानपेटीत टाका किंवा विहार समितीकडे देऊन पावती घ्या.

आणि सगळेच बौद्ध शाकाहारी असतात असं गृहीत धरू नका. कुणाच्या ताटात काय आहे यावरून "तुमच्यात तर अहिंसा ना?" असं विचारणं उद्धटपणाचं आहे.

अजिंठा: कोणत्या क्रमाने, कसं

जळगावहून अजिंठा सुमारे 60 किलोमीटर. जिल्हा छत्रपती संभाजीनगरचा असला तरी रेल्वेने येणारे जळगावलाच उतरतात. सोमवारी लेणी बंद असतात. खासगी गाडी फर्दापूर फाट्यावर ठेवून पुढे साधारण चार किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. एप्रिल-मेमध्ये खानदेशचं ऊन काय असतं ते सांगायला नको, सकाळी पहिल्या बसला गाठा. चित्रांच्या लेण्यांमध्ये चपला काढाव्या लागतात आणि मधल्या वाटेवरचा दगड तापतो, म्हणून जाड मोजे बरोबर ठेवा. चढ न झेपणाऱ्यांसाठी डोली मिळते. डोलीवाल्यांशी भाव आधी ठरवा आणि एकदा ठरला की उतरल्यावर घासाघीस करू नका.

बहुतेक लोक लेणे 1 पासून सुरू करतात आणि दहाव्यापर्यंत पोचता पोचता थकतात. मी उलटं सुचवतो. आधी थेट 9 आणि 10 मध्ये जा. हे इसवी सनापूर्वीचे चैत्य, म्हणजे वंदनेची सभागृहं, यांत मूळ पूजास्थान म्हणजे नुसता स्तूप. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. स्तूपाला उजवा हात लागेल अशा दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, सावकाश एक फेरी घाला. प्रत्यक्ष हात लावायचा नाही, स्तूपावर चढायचं नाही, नाणी फेकायची नाहीत. मग लेणे 12 पाहा. तिथल्या खोल्यांमध्ये दगडी ओटे आहेत, उशाशी दगडातच उंचवटा ठेवलेला. वर्षावासात वाघूर नदीच्या या घळीत भिक्खू कसे राहत असतील ते त्या ओट्यांवरून कळतं. त्यांवर आडवं होऊन फोटो काढणारे रोज दिसतात. ते कुणाचं तरी राहतं घर होतं, हे बरोबरच्या मुलांना सांगा.

लेणे 10 च्या एका खांबावर 28 एप्रिल 1819 ही तारीख आणि जॉन स्मिथ हे नाव कोरलेलं आहे. शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याने चित्रावरच नाव कोरलं. त्याच्यानंतर किती जणांनी तेच केलं ते भिंतींवर दिसतं. संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे.

त्यानंतर वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या, पाचव्या शतकातल्या लेण्यांकडे वळा: 1, 2, 16, 17, 19, 26. सतरावं लेणं ज्या मांडलिक राजाने कोरवलं, त्याचा ऋषीक देश अभ्यासक आपल्या खानदेशाशी जोडतात. म्हणजे आपण जे पाहायला जातो, त्यात या मातीचाही वाटा आहे.

चित्रं कशावर काढलीत हे कळलं की हात आपोआप मागे राहतात. खडबडीत कातळावर चिखलमातीचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा, गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, आणि निळ्यासाठी थेट अफगाणिस्तानाकडून आलेला राजावर्त हा निळा दगड. बोटांचं तेल, श्वासातला ओलावा, घाम हे सगळं त्या गिलाव्याला सोसत नाही. म्हणून एका वेळी मोजकेच लोक आत सोडतात आणि फ्लॅश चालत नाही. रखवालदार "चला, पुढे चला" म्हणाले तर त्यांच्यावर चिडू नका. मोबाइलचा टॉर्च चित्रांवर मारायचा नाही. दाराशी दोन मिनिटं उभे राहा, डोळे अंधाराला सरावले की लेणे 1 मधल्या पद्मपाणीचा, हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाचा, चेहरा हळूहळू दिसू लागतो.

सव्विसावं लेणं शेवटी ठेवा. डाव्या भिंतीवर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं, म्हणजे देहत्यागाचं, शिल्प आहे, उजव्या कुशीवर पहुडलेला सुमारे सात मीटर लांबीचा बुद्ध. डोळे मिटलेले, उजवा हात गालाखाली, खाली ओळीने बसलेले शोकाकुल शिष्य. त्या रांगेतला एकेक चेहरा पाहायला वेळ द्या, कुणी डोकं हातावर टेकलंय, कुणी खाली पाहतोय. आमच्यापैकी कुणी इथे आलं की गुडघे टेकतं, हळू आवाजात त्रिसरण म्हणतं. श्रीलंकेतून, थायलंडमधून आलेले यात्रेकरूही तसंच करतात. असं कुणी बसलेलं दिसलं तर त्यांच्यासमोरून आडवे जाऊ नका, त्यांचे फोटो काढू नका, त्यांचं होईपर्यंत मागे थांबा. मूर्तीचे पाय शिवायचा मोह आवरा. रोज शेकडो हात लागले तर दगडही झिजतो.

लेण्यांमध्ये अगरबत्ती, मेणबत्ती, हार नको. धुराने चित्रं काळवंडतात, आणि दुसरा धोका आग्या मोहोळाचा. अजिंठ्याच्या कड्यावर मधमाश्यांनी पर्यटकांवर हल्ला केल्याचे प्रकार अनेकदा झालेत. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं हे सगळं टाळा. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लगेच तिथून बाजूला व्हा, हातवारे करून त्यांना हाकलू नका.

पितळखोरे: चाळीसगावकरांच्या डोंगरावर

अजिंठ्याइतकी गर्दी नको असेल तर चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून पितळखोऱ्याला जा. ही लेणी गौताळा अभयारण्यात, सातमाळ्याच्या कड्यात आहेत आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरायला सुरुवात झालेल्यांपैकी आहेत. इथल्या विहाराच्या, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या, जोत्यावर हत्तींची रांग आहे, दाराशी भालेवाले द्वारपाल. इथेच सापडलेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचं लिहिलेलं आहे, ती मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पैठणच्या दात्यांची नावंही लेखांत आहेत, म्हणजे वर्गणी काढून विहार उभारणं हे दोन हजार वर्षांपूर्वीही चालत होतं.

दगड ठिसूळ आहे, पुष्कळ भाग कोसळलाय. अर्धवट उरलेल्या खांबांना टेकून बसू नका. पावसाळ्यात नाल्याला पाणी येतं, धबधबा पडतो आणि सहलींची रीघ लागते. माझी कळकळीची विनंती आहे, तिथे चूल मांडून मटण शिजवू नका, बाटल्या उघडू नका, स्पीकर लावू नका. जंगल आहे आणि धम्मस्थानही आहे. भाकरी-ठेचा-भरीत बांधून न्या, लेण्यांपासून दूर बसून खा, कचरा पिशवीत घालून खाली आणा. खाण्यापिण्याची सोय तिथे नाही, पाणी भरपूर ठेवा आणि अंधाराच्या आत घाट उतरा.

लळिंगचा लांडोर बंगला

धुळ्याच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगत लळिंगचा किल्ला आहे. त्याच परिसरातल्या लांडोर बंगल्यात 1937 साली बाबासाहेबांचा मुक्काम झाला, ते धुळ्याच्या न्यायालयात एका खटल्यासाठी आले होते. त्याची आठवण म्हणून दरवर्षी 31 जुलैला इथे हजारो लोक जमतात. पर्यटक म्हणून जायचं तर इतर दिवशीही जाता येतं, पण 31 जुलैला गेलात तर खानदेशचा बौद्ध समाज कसा आहे ते दिसेल: पांढऱ्या साड्यांतल्या म्हाताऱ्या, गाण्यांचे जलसे, पुस्तकांचे ठेले, भोजनदानाच्या रांगा. रांगेत उभे राहा, जेवा, पुस्तक विकत घ्या. गाडी लांब लावून चालत जायची तयारी ठेवा.

विपश्यना केंद्र हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे

धुळ्याजवळ धम्मसरोवर हे विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांच्या शिबिरात साधक मौन पाळतात. फी नसते, जुन्या साधकांच्या दानावर चालतं. सहज डोकावायला, बागेत फोटो काढायला जाऊ नका. जायचं तर नाव नोंदवून, पूर्ण दहा दिवस काढून जा.

भुसावळहून पुढे: सांची, सारनाथ, बोधगया

भुसावळ जंक्शन हे आपलं भाग्य. इथून भोपाळकडे, वाराणसीकडे, गयेकडे गाड्या आहेत.

सांचीला भोपाळ किंवा विदिशेहून जाता येतं. मुख्य स्तूपाला दोन प्रदक्षिणापथ आहेत, खालचा आणि वरचा, दोन्हींवर घड्याळाच्या दिशेनेच चाला. तिथल्या चेतियगिरी विहारात बुद्धाचे दोन मुख्य शिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांचे अस्थिधातू आहेत. नोव्हेंबरच्या अखेरीस ते दर्शनाला ठेवतात तेव्हा प्रचंड गर्दी होते. रांग मोडू नका, कारण शेजारी उभा असलेला माणूस कोलंबोहून आलेला असू शकतो.

बोधगयेच्या महाबोधी महाविहारात मोबाइल नेता येत नाही, बाहेर लॉकर आहेत. त्यामुळे बरोबरच्या सगळ्यांनी भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवून घ्या, नाहीतर म्हातारी माणसं चुकतात. बोधिवृक्षाची पानं तोडायची नाहीत. गळून पडलेलं उचललं तर चालतं, पण त्यासाठी झटापट करू नका. उत्तर बाजूला बुद्धाच्या चंक्रमणाची, म्हणजे चालत ध्यान करण्याची, जागा दगडी कमळांनी दाखवली आहे, तिच्यावर पाय ठेवू नका. इथे तिबेटी भिक्खू साष्टांग घालत असतात, व्हिएतनामचे सूत्रपठण करत असतात, आपल्याकडचे पांढऱ्या कपड्यांत गाथा म्हणत असतात. प्रत्येकाची पद्धत वेगळी. "खरी पद्धत कोणती?" असं कुणाला विचारू नका. 1949 च्या कायद्याने या महाविहाराच्या व्यवस्थापनात बौद्ध आणि हिंदू सदस्य समसमान ठेवले आहेत, आणि ते पूर्णपणे बौद्धांकडे यावं अशी जुनी मागणी आहे. तिथे त्यावरचे फलक किंवा आंदोलन दिसलं तर बघ्यांची गर्दी करू नका, विषय समजून घ्यायचा असेल तर बसून बोला.

हिमालयात आणि समुद्रापार

लडाख, सिक्कीम, धर्मशाळा इथली परंपरा तिबेटी वळणाची. रस्त्यात मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती लागतात, त्या नेहमी आपल्या उजव्या हाताला राहतील अशा बाजूने पुढे जायचं. त्यांवरचा दगड आठवण म्हणून उचलायचा नाही. प्रार्थनाचक्रं घड्याळाच्या दिशेने फिरवायची, मुलांनी खेळण्यासारखी गरगर फिरवायची नाहीत. पोथ्या कापडात गुंडाळून उंचावर ठेवलेल्या असतात, त्या हाताळू नका, कुठलाही धार्मिक ग्रंथ जमिनीवर ठेवू नका, ओलांडू नका. कुणी खाता, म्हणजे मानाचा पांढरा रेशमी शेला, दिला तर दोन्ही हातांनी, मान झुकवून घ्या. गोम्पात, म्हणजे तिथल्या मठात, तांत्रिक मूर्ती, उग्र रूपं दिसतील, त्यांवर शेरे मारू नका. काही खोल्या बाहेरच्यांसाठी बंद असतात, दार बंद असेल तर तिथूनच मागे फिरा.

श्रीलंका, थायलंड, म्यानमार थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथांची जुनी परंपरा पाळणारे. तिथे दोन गोष्टींची फार काळजी घ्यावी लागते. एक, बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. श्रीलंकेत यावरून पर्यटकांवर कारवाई झाली आहे. अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर झाकून ठेवा, एका ब्रिटिश बाईला 2014 साली याच कारणाने तिथून परत पाठवलं होतं. दोन, थायलंडमध्ये कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, लहान मुलाच्यासुद्धा, आणि पायाने कशाकडे दाखवायचं नाही. आपल्याकडे लाडाने पोराच्या डोक्यावर हात फिरवतात, तिथे तो हात आवरावा लागतो.

ग्रुपने किंवा शाळेची सहल नेताना

शिक्षकांना एक सुचवतो. अजिंठ्याची सहल ठरली की त्याआधीच्या आठवड्यात गावातल्या विहारातल्या एखाद्या जाणत्या माणसाला शाळेत बोलवा. चैत्य म्हणजे काय, विहार म्हणजे काय, त्रिसरण काय, हे त्यांच्या तोंडून ऐकलं की मुलं लेण्यांत वेगळ्या नजरेने पाहतात, आणि वर्गातल्या बौद्ध मुलांनाही आपलं काहीतरी सगळ्यांसमोर आल्याचा आनंद होतो. गाइड घ्यायचा तर सरकारी ओळखपत्र असलेला घ्या. प्रत्येक मूर्तीला देवी-देवता म्हणणारा, विनोद करून चित्रांतल्या स्त्रियांवर बोलणारा भेटला तर त्याला तिथेच थांबवा.

बुद्धमूर्ती विकत घेतली तर ती घरात उंच, स्वच्छ जागी ठेवा. चपलांच्या कपाटावर, बाथरूमच्या खिडकीत, दारूच्या बाटल्यांशेजारी शोभेला ठेवलेली पाहिली की आमच्या घरातली माणसं काही बोलत नाहीत, पण जेवण गोड लागत नाही.

विहारात फोटो काढले असतील, अर्थात विचारून, तर घरी आल्यावर ते तिथल्या माणसांना पाठवा. वंदना घेणाऱ्या आजींकडे स्मार्टफोन नसेल, तर एक प्रिंट काढून पुढच्या पौर्णिमेला स्वतः नेऊन द्या.